आईच्या गाठीचा तुकडा

अंबरनाथ,
२ मार्च १९९८

प्रिय सुदाम,

तुला आणि कुमुदिनीला माझे आशीर्वाद. इतक्या वर्षांत दिवाळीला तुझी चार ओळींची पत्रं आली, मीही तेवढ्याच ओळींची उत्तरं धाडली. आज मात्र लांबलचक लिहिणार आहे. हे तिथं महाडच्या एस.टी. डेपोत वाचू नकोस. ड्युटी संपवून घरी जा, हातपाय धू आणि मग वाच.

आमच्याकडे महाशिवरात्रीची जत्रा गेल्या आठवड्यातच झाली. शिवमंदिराच्या रस्त्याला पाय ठेवायला जागा नव्हती, तरी आबा गर्दीत घुसून दर्शन घेऊन आले. हो, आबा गणपतीपासून माझ्याकडेच आहेत. बारवी धरणाकडचं घर बंद केलं, शेत वाट्यानं दिलं. लेकीच्या घरचं पाणीही ज्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, ते आता सकाळी उठून स्टोव्ह पेटवतात आणि माझ्यासाठी पेज करतात. मीठ हमखास जास्त पडतं. मी गुपचूप पिते.

पेज कशाला, असं विचारशीलच. सुदाम, मला आईचाच आजार निघाला. गणपतीत अंघोळ करताना छातीच्या डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. आईला कुठे लागली होती ते आठवलं आणि मी तशीच ओल्या अंगानं पाटावर बसून राहिले. तुझ्या भावोजींनी मला मुंबईच्या त्याच हॉस्पिटलात नेलं. तोच लांबलचक व्हरांडा, तीच बाकडी. फक्त या वेळी पेशंट मी होते.

गाठ मोठी होती, म्हणून आधी सलाईनमधून औषध द्यायचं, ती लहान झाली की ऑपरेशन, असं ठरलं. औषध लालभडक, सरबतासारखं. केस गेले. रुमाल बांधून मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला जात होते. हेडफोन लावला की रुमाल नीट बसतो, हा एक फायदा. पण तीन वेळा ते लाल पाणी अंगात गेलं, तरी गाठ होती तशीच. उलट थोडी वाढलीच. तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

तिथं एक डॉक्टरीण आहे, वृंदा नावाची, वयानं तुझ्याहूनही लहान. तिनं गाठीचा तुकडा वेगळ्या तपासणीला पाठवला आणि मग मला समोर बसवून समजावलं, "तुमच्या गाठीत एक जीन हरवलंय." उल्हासनगरात नोकरी करणाऱ्या बाईला जीन म्हणजे पँटीशिवाय काय आठवणार? मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे गल्लोगल्ली शिवतात, हवी तेवढी आणून देते." ती इतकी हसली! मग म्हणाली, जनुक म्हणा. शरीरातली पेशी फार जखमी झाली की स्वतःच मरते, आणि तिला तसं करायला लावणारं एक जनुक असतं. औषध पेशीला जखम करतं, पुढचं काम त्या जनुकाचं. माझ्या गाठीतल्या पेशींतून तेच नाहीसं झालंय. म्हणून औषधाचा मार बसतो, पण पेशी मरत नाही. बाकीच्या अंगात ते आहे, गाठीतच नाही. "म्हणजे तुम्ही औषध नीट घेतलं नाही असं काही नाही," ती म्हणाली. "कितीही नीट घेतलं असतं, तरी बहुधा हेच झालं असतं."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला दुसरं काहीच ऐकू येईना.

मी तिला आईचं सगळं सांगितलं. आईला दोन सलाईनं झाली होती, तिसऱ्याची तारीख ऐन आवणीत, भातलावणीच्या घाईत आली. चिखलात उभी राहून ती म्हणाली होती, "रोपं टाकून मी कुठं जायची नाय." तिला हॉस्पिटलात न्यायचं काम तुझं; तू दोनदा विनवलंस, मग तिच्या हट्टापुढं गप्प बसलास. तिसरं राहिलं, चौथंही राहिलं, आणि कार्तिकात आई गेली. तेराव्याला साऱ्या भावकीसमोर आबा तुला म्हणाले, "आवणी मोठी झाली तुला. माझी बायको तू मारलीस." तू ताटावरून उठलास आणि त्याच संध्याकाळी गाव सोडलंस.

वृंदानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, जुन्या पेशंटच्या गाठीचा तुकडा आम्ही मेणात घालून जपून ठेवतो. मिळाला तर बघते. मी आशा ठेवली नव्हती. पण मिळाला. एवढी वर्षं आपली आई त्या हॉस्पिटलच्या कपाटात नखाएवढी शिल्लक होती, सुदाम. तिच्या गाठीतही ते जनुक नव्हतं. मी विचारलं, राहिलेली सलाईनं दिली असती तर? ती जपून बोलली. हा अभ्यास नवा आहे, खात्री कुणीच देणार नाही. पण त्या औषधांनी आई वाचली असती असं तिला वाटत नाही. तिचं 'वाटत नाही' मी तसंच लिहितेय, त्याचं 'नक्की' करत नाही. पण मला तेवढं पुरलं. तुलाही पुरावं.

माझं औषध त्यांनी बदललं. नवं औषध पेशीला दोनात फुटूच देत नाही, त्याला त्या हरवलेल्या जनुकाची गरज पडत नाही म्हणे. पायांना मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, पण गाठ निम्म्याहून लहान झालीय. होळीनंतर ऑपरेशन. पुढचं पुढं.

आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते लसूण सोलत होते. हात थांबले. "म्हंजी पोरानं नेली असती तरी?" मी म्हटलं, "तरीही बहुधा गेली असती, आबा." ते उठले आणि बाहेर निघून गेले. दिवेलागणीला परतले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी भावोजींना हळूच विचारलं, "महाडची यष्टी कुठनं सुटते?"

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी आबा तुझ्याकडे येताहेत, भावोजी सोबत आहेत. "त्याला कळवू नको, तो ड्युटी लावून घेईल," असं मला बजावलंय, तरी मी कळवतेय, कारण अचानक समोरासमोर आलात तर तुमच्यापैकी एकजण नक्की पाठ फिरवेल. माफीचा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. ते भाताचं बोलतील, धरणाच्या पाण्याचं बोलतील, तुझ्या घराची कौलं मोजतील. बोलू दे. तू स्टँडवर जा, आणि उतरताना त्यांचा हात धर. त्यांना डाव्या डोळ्यानं आता दिसत नाही, आणि ते काही तुला हे सांगणार नाहीत.

तुझीच,
अंजाताई