ड्रेड स्कॉट आणि सुमियातीचा रविवार

६ ऑक्टोबर २००८, सोमवार
आज सकाळी देवासमोर रामरक्षा म्हटली आणि डोळे उघडले, तर वॉशिंग मशीनशेजारी ड्रेड स्कॉट उभा. अमेरिकेतला गुलाम. मालकाने गुलामी नसलेल्या मुलखात राहायला नेलं, म्हणून मी स्वतंत्र, असा दावा त्याने अकरा वर्षं लढवला. १८५७ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, काळा माणूस नागरिकच नाही, त्याला इथे दादच मागता येणार नाही. रविवारी इथल्या मराठी मंडळात माझं भाषण आहे, ‘ड्रेड स्कॉट ते आजची अमेरिकन निवडणूक’. गावच्या शाळेत शिकलो, तरी निकालपत्र मुळातून वाचलं. विषयाशी इतकी तन्मयता इतर वक्त्यांत नसते. रामरक्षा पुन्हा पहिल्यापासून म्हटली. तो हलला नाही.
आमची जावा बेटावरची मोलकरीण सुमियाती, तिने चहा देताना विचारलं. तिची बहीण यिशुनला कामाला आहे. करार संपला, शनिवारी संध्याकाळच्या विमानाने कायमची परत जाणार. एकदा दोन तास भेटून येऊ का? आमच्या सेम्बावांगहून यिशुन मेट्रोने एकच स्टेशन. ‘बघू’ म्हणालो. मनात हो म्हटलं आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार
बायकोला, सुनेत्राला, सांगितलं. म्हणाली, “दोन वर्षं सुट्टी नाही दिली, आता सवय लावताय? बाहेर कुणी भेटला आणि पळून गेली, तर काय करणार?” घरकाम हे सुनेत्राचं खातं, त्यात मला अधिकार नाही. सुमियातीला तसं शांतपणे समजावलं.
भाषणात कोर्टाला चांगलं झोडपलं. गाऱ्हाणं ऐकायचं नसलं की ‘आमच्या अधिकारात नाही’ म्हणायचं!

१० ऑक्टोबर, शुक्रवार
पहाटे पुन्हा तो. मशीनशेजारी वाट बघतो. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो नाही.
पेपरात पत्रं आहेत, मोलकरणींना आठवड्याची सुट्टी द्यावी का. आमच्या लेकीने, कादंबरीने, माझं भाषण वाचलं. म्हणाली, “बाबा, देन सुमी हाऊ? शी ऑल्सो कॅनॉट गो आउट.” मी म्हटलं, अगं, हा इतिहास आहे. तर इथल्या इंग्रजीत म्हणे, “सेम लाह.” मुलीचं मराठी फारच बिघडलं आहे.
निश्चय: उद्या सकाळी सुमियातीला पाठवायचंच.

११ ऑक्टोबर, शनिवार
मंडळाच्या उद्याच्या कार्यक्रमाचे वडे आमच्याकडे. चाळीस माणसं. सुनेत्रा म्हणाली, “पाठवा तिला. बटाटे तुम्ही सोला.” मला समारोप लिहायचा होता. शेवटी तोडगा काढला. आज सुमियातीने सगळी तयारी करून ठेवायची, उद्या अख्खा रविवार तिचा. मागितले होते दोन तास, दिला दिवस! तिचे डोळे भरून आले. आनंदाने असावं.
समारोप: पुढे स्कॉटला मुक्त केलं, पण तो दीड वर्षही जगला नाही. इतक्या उशिराचा न्याय कुणाच्या कामाचा? इथे टाळ्या नक्की.

१२ ऑक्टोबर, रविवार
सुमियातीला म्हटलं, जा, बहिणीला भेटून ये. ती म्हणाली, “सिस्टर येस्टरडे फ्लाय, सर.”
मला माहीत होतं.
तरी ती कपडे बदलून निघाली. कधी परत येऊ, विचारलं. म्हटलं, तुला वाटेल तेव्हा. पुढच्या रविवारीही जा, त्याच्या पुढच्याही. सुनेत्रा चिडली आहे.
समारोप मोठ्याने वाचून पाहिला. ‘कुणाच्या कामाचा?’ इथे कागद मिटला. मंडळाचे सेक्रेटरी दीनानाथ, त्यांना फोन करून भाषण रद्द केलं. म्हणाले, “अहो, भाषणाचं बघू हो. वड्यांचं काय?”
वडे मीच तळले. टॅक्सीने पाठवून दिले. मी गेलो नाही.