तांदळाच्या कोठीतलं गाणं

बल्लारपूर
२७ जानेवारी २०२६

ती. लटारूमामांस,
रंजीताचा सा. न. वि. वि.

झालेला प्रकार क्रमाने लिहिते.

१. आईबाबांच्या लग्नाला २२ फेब्रुवारीला तीस वर्षं होतील. त्यासाठी आम्ही भावंडं, मी आणि प्रफुल, जुन्या फोटोंचा स्लाइड शो करतो आहोत. बाबांना माहीत आहे, आईला नाही.

२. त्यामागे वाजवायला तुम्ही फोनवर एक गाणं विकत घेतलंत आणि ‘हे लाव’ म्हणून मला पाठवलंत.

३. मला मिळाली ती गाण्याची लिंक. गाणं नव्हे.

४. शनिवारी प्रफुल चामोर्शीला जाऊन तुमच्या फोनमधून फाइल घेऊन आला. मी तीन प्रकारे ती बदलून पाहिली. ती कुलूपबंद आहे. फक्त तुमच्या फोनवर, त्याच अ‍ॅपमध्ये वाजते.

५. गाणं झाडीपट्टीतल्या जुन्या नाटकातलं आहे. गायक तुम्ही स्वतः आहात. कंपनीच्या यादीत गायकाचं नाव ‘इतर’ असं दिलं आहे.

थोडक्यात, तुम्ही स्वतःचाच आवाज पैसे देऊन घेतलात आणि तो तुमच्या ताब्यात नाही. असं कुलूप तोडायची साधनं मिळतात. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा त्यासाठी केलेला नाही. कंपनीला विचारून पाहा.

पत्र लिहिते, कारण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून बोलता आणि आम्ही बोललेलं अर्ध्या चामोर्शीला कळतं. तिथून आईपर्यंत यायला एक बाजाराचा दिवस पुरतो.

नीलामामींना नमस्कार. लोभ असू द्या. लिंक पाठवू नका.

तुमची भाची,
रंजीता

•

चामोर्शी
२ फेब्रुवारी

चि. रंजीतास,
लटारूमामाचे अ. उ. आ.

तुह्यं पत्र भेटलं. नंबर टाकून पत्र लिहितेस, पोलिसाच्या पंचनाम्यावानी. तुही मामी म्हणे, पोरगी कोणाले जीव लावन तं त्याचीबी पावती देईन.

मले एक सांग. म्या बजारातून गोऱ्हा घेतला तं तो माह्या दावणीले येते का नाई? बेचणारा असं म्हणते का, गोऱ्हा तुमचा, पण बांधाचा आमच्याच कोठ्यात? हे कंपनीवाले तसंच करून राह्यले.

लावला फोन त्याइले. पोरगी मोठी गोड बोलली. म्हणे सर, गाणाऱ्याची परवानगी लागंन. म्या म्हटलं बाई, गाणारा मीच आहो. म्हणे, ओळख पटवा. म्या गाऊन दाखवलं. तंबाकूच्या खर्ऱ्यापायी गळ्याचं ऑपरेशन झालं तवापासून माहा आवाज कसा निंगते, तुले मालूम हाय. ऐकून घेतलं बिचारीनं. मंग म्हणे, सर, आवाज जुळून नाई राह्यला.

पण गाणं मले तेच पायजे. काऊन, ते सांगतो. आशाचं लग्न होतं त्याच दिवशी आमच्या मंडळीचं कुरखेड्याकडं बुकिंग होतं. मी तिकडं स्टेजवर हेच गाणं, बहिणीची पाठवणी, गाऊन राह्यलो होतो. बहीण म्हणजे आमचा झिंगू, मिशी काढून. पब्लिक ढसाढसा रडलं. अन् इकडं खऱ्या बहिणीच्या मांडवात तुह्या बापाचा कान पिळाले मी नाई. पत्रूनं पिळला. माह्या मानाचा कान, चुलतभावानं पिळला. तवापासून आशा मले ‘भाऊ’ म्हणत नाई, ‘नाटकवाले’ म्हणते. दरसाल तांदूळ पाठवतो, ते तेवढे ठेवून घेते.

मी काई येत नाई २२ तारखेले. कोणतं तोंड घेऊन येऊ? एक आवाज होता, तोबी गेला. माह्या बदली गाणं लाव.

तू नियमाची बाई. प्रफुलले म्हण, काई जुगाड कर. त्याले पाठव, दोन दिवस फोन देतो.

लोभ ठेव. तांदूळ सरले तं कळव.

तुहा मामा,
लटारू

•

बल्लारपूर
१० फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

प्रफुलने जुगाड केला. तुमच्या फोनवर गाणं लावलं, शेजारी स्वतःचा फोन रेकॉर्डिंगला ठेवला. आमचं घर रुळांना लागून आहे, म्हणून गाडीचा आवाज येऊ नये यासाठी त्याने दोन्ही फोन तांदळाच्या कोठीत ठेवून झाकण लावलं आणि तो चहा प्यायला बाहेर गेला. आई बाहेर गेली आहे, हे त्याने पाहिलं होतं. ती कधी येईल, हे पाहिलं नव्हतं.

ते रेकॉर्डिंग मी हेडफोन लावून चार वेळा ऐकलं. १ मिनिट ५२ सेकंदांवर पावलं ऐकू येतात आणि कोठीजवळ थांबतात. मग पत्र्याबाहेरून दुसरा आवाज सुरू होतो. तो आईचा आहे. दुसरं आणि तिसरं कडवं ती तुमच्याबरोबर म्हणते. एकही शब्द चुकत नाही. ते नाटक पाहिलं नाही आणि त्याची कॅसेट ऐकली नाही, असं ती आम्हाला आजवर सांगत आली आहे.

गाणं संपतं. नंतर ती म्हणते:

“एवढं गाऊन राह्यला, अन् एक दिवस यायले नाई जमलं तुले, भाऊ.”

शब्द ‘भाऊ’ हाच आहे. मी तपासला.

झाकण तिने उघडलं नाही. संध्याकाळी प्रफुलला फक्त विचारलं, की तांदूळ कमी झाले म्हणजे कोठी बोलते का. त्याने होकार दिला. तो दोन वेळा जेवला, म्हणजे घाबरला होता.

हे रेकॉर्डिंग मी स्लाइड शोमध्ये वापरणार नाही. ते आईचं आहे. तुम्हालाही पाठवणार नाही. कुलूपही तोडणार नाही. मग एकच मार्ग उरतो. फोटो माझ्या लॅपटॉपवर चालतील आणि त्याच वेळी गाणं तुमच्या फोनवर सुरू करावं लागेल. पत्रूमामा बाबांचा कान पिळतात तो फोटो दुसऱ्या कडव्यावर येतो. तो काढून टाकायला प्रफुल तयार आहे. मी नाही.

तुमचा फोन उद्या प्रफुल आणून देईल. पुन्हा फोन एकटाच आला, तुमच्याशिवाय, तर मी गाणं लावणार नाही. तुमच्या बदली एकदा गाणं वाजून झालं आहे, कुरखेड्याकडे.

तुमचा आवाज गेला, हे मान्य. बटण दाबायला आवाज लागत नाही. कान पिळायलाही लागत नाही. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, पत्रूने उजवा पिळला होता, डावा तसाच आहे.

मामींनाही आणा. लोभ आहे तेवढा पुरे. वाढवायचा असेल तर समक्ष वाढवा.

येता की नाही, एवढंच सोमवार, १६ फेब्रुवारीपर्यंत कळवा.

तुमची भाची,
रंजीता