हृदयाला जागा कमी पडली त्याची हकिकत

ती. वन्सं,

वाकून नमस्कार. (हल्ली खरोखर वाकता येतं, म्हणून लिहिते.) तुमची पाठ कशी आहे? भावजींचा खोकला गेला का? माझ्या आजारपणाबद्दल तुमच्या बंधूंनी फोनवर जे सांगितलं असेल, त्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेलं निम्मं त्यांना अजून कळलेलंच नाही. म्हणून हे पत्र. भावजींना वाचून दाखवू नका.

तर मी व्यायामाच्या वर्गाला जाऊ लागले. चष्म्याच्या दुकानात दिवसभर स्टुलावर बसून लोकांचे नंबर काढायचे, त्याने अंग आंबून जातं. वर्ग बायकांचाच, पण उड्या फार. पहिल्याच उडीला माझ्या लक्षात आलं की मी खाली आले तरी माझा काही भाग अजून वरच आहे, आणि मी वर निघाले की तो खाली येतोय. त्यात पट्टा खांद्यावरून घसरायचा. एका हाताने पट्टा, दुसऱ्याने इभ्रत सावरत मी खांबामागे उभी राहून नुसत्या टाचा उचलायचे. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, स्पोर्ट्स ब्रा घ्या.

दुकानात गेले तर गल्ल्यावर तुमच्या बंधूंचे शाळासोबती! माप कसलं विचारतेय, समोर टांगलेली बोटाने दाखवली आणि पिशवीत घालून पळाले. चांगली दोन नंबरांनी लहान निघाली. (जगाचे नंबर काढणारी मी!) पण मला वाटलं, जितकी घट्ट तितकी चांगली. दुसऱ्या दिवशी ती अंगात चढवताना घामाघूम झाले, तोच माझा व्यायाम झाला होता.

मग वर्गात उड्या सुरू झाल्या आणि श्वास अर्ध्यातच अडकायला लागला. छातीवर दाब, डोळ्यांपुढे काजवे, काखेत आग. मी मटकन खाली बसले. कुणीतरी घरी फोन केला. तुमचे बंधू एका पायात चप्पल, एका पायात बूट घालून आले, पाठोपाठ तुमच्या आई. रिक्षात हे माझा हात धरून सारखे म्हणत होते, "तुला कधी काही बोललो असेन तर विसर हं." (मी विसरलेले नाही. पण तेव्हा मान हलवली.)

डॉक्टरीणबाईंनी ईसीजीच्या तारा जोडण्यासाठी अंगातलं काढायला सांगितलं, तर ते निघेना. हात वर, तोंड कापडात, आणि मी अर्ध्यावर अडकलेली. एका बाजूने नर्स आणि दुसऱ्या बाजूने आई ओढतायत. सुटले तेव्हा असा काही श्वास आला की काय सांगू! छातीभोवती लालभडक वळ उठले होते. तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. फक्त त्याला थोडी जागा द्या." काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण इतकी तंतोतंत कुणाला लागू पडली नसेल. बाहेर हे हवालदिल बसले होते. आईंनी त्यांना एवढंच सांगितलं, "गॅस होता."

नंतर आईच मला दुकानात घेऊन गेल्या. शाळासोबत्यांना म्हणाल्या, "तू बाहेर चहा पिऊन ये." आतल्या मुलीने टेप लावून माप घेतलं. सगळा भार खालच्या पट्टीने पेलायचा असतो म्हणे, खांद्यांनी नव्हे. पट्टी चहूकडून सारखी बसावी, तिच्याखाली दोन बोटं जावीत, हात वर केले तरी ती वर सरकू नये. मग तिथेच उडी मारून बघायची. मारली. वन्सं, मी सगळी एकदमच वर गेले आणि सगळी एकदमच खाली आले!

आई स्टुलावर बसून बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "मी लहानपणी वाऱ्यासारखी धावायचे गं. मग अंग भरलं, लोक बघायला लागले, आणि धावणं सुटलं ते सुटलंच." टेपवाली मुलगी सरळ म्हणाली, "आजी, हात वर करा." आणि आईंनी केले.

आता आम्ही दोघी वर्गाला जातो. खांबामागे कुणी उभं राहत नाही. सगळं आनंदात आहे.

तुमची भावजय

ता. क. : वर्गाची जोरात चालण्याची शर्यत पुढच्या महिन्यात आहे. वन्सं, आई फार पुढे जातात हो. मला रोज त्यांची पाठच दिसते, वर वळून "येतेस ना गं?" विचारतात. तेवढे दिवस त्यांना माहेरपणासारखं तुमच्याकडे बोलावून घ्या ना! आठवण येते म्हणावं. मी सुचवलंय हे सांगू नका.

आणखी ता. क. : हिने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं. शर्यत होईपर्यंत मी कुठेही हलणार नाही. तुझी पाठ कशाने दुखते ते मला आता कळलंय. माप घेऊन कळव, मग येते ती तुझी घेऊनच. अंदाजाने सांगू नकोस. आई.