बेदाणा कुणी वाचवला?

प्रिय नंदू,

मुद्दाम फोन केला नाही. फोनवर तू ‘जाऊ दे गं’ म्हणतेस आणि विषय मिटवून टाकतेस. मी चिडलेय, लय चिडलेय, आणि सगळ्यात आधी तुझ्यावर.

काल आमच्या कंपनीत तू मुलाखतीला माझ्यासमोर बसली होतीस. ही नोकरी मिळाली तर लेकीला, शिवांजलीला घेऊन साताऱ्यात वेगळं राहीन, असं महिनाभर तूच घोकत होतीस ना? साहेबांनी किती सरळ विचारलं, सासरच्या बेदाण्याच्या शेडवर तुम्ही काय काय केलंत? तर तू पदर सावरत म्हणालीस, मामंजींची पुण्याई, उदयभाऊजींनी सगळं बघितलं, मी आपली हाताखाली होते. अगं बाई! मी पुन्हा विचारलं, फिरवून विचारलं. तू परत भाऊजींचंच कौतुक! चार माणसांत सुनेनं स्वतःचं सांगू नये, ही तुमच्या घरची रीत. ती मुलाखतीच्या खोलीत कशाला घेऊन आलीस?

तो अवकाळी पाऊस विसरलीस? मी तेव्हा तुझ्याकडेच तासगावला होते. तुझे यजमान शंभूराज जाऊन वर्षही झालं नव्हतं. शेडमध्ये माल वाळत होता, वारं सुटलं, ताडपत्र्या फाटल्या. शिडीवर चढून दोर कुणी आवळले? बायकांना हाका मारून कुणाचा घसा बसला? घरोघरचे पंखे मागून आणून जनरेटरवर कुणी लावले? उदयसिंह तेव्हा मित्रांबरोबर महाबळेश्वरला होता. सगळं निस्तरल्यावर आला आणि व्यापाऱ्यांसोबत फोटो काढून घेतले. त्या फोटोत तू चहाचा ट्रे धरून मागं उभी आहेस.

आता नीट वाच. काल तू बाहेर पडलीस आणि तुला गाडीनं सोडायला आलेला तुझा हाच दीर आत आला. व्हय, त्यानंही अर्ज टाकला होता. तुला बोलला नाही ना? मला वाटलंच. खुर्चीत रेलून त्यानं तोच पाऊस सांगितला, तीच शिडी, तेच पंखे. सगळं म्हणे यानंच केलं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. साहेब मात्र मान डोलवत होते. का नाही डोलवणार? त्याच्या बाजूची साक्ष तू आधीच देऊन गेली होतीस.

तो गेल्यावर मी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मग बाई स्वतः का नाही बोलल्या? तुम्ही त्यांच्या मैत्रीण, तुमच्या शब्दावर मी नेमणूक कशी करू? भांडून एवढंच मिळवलं, की ते गुरुवारी तुझं पुन्हा ऐकून घेतील. तेव्हाही भाऊजींचंच कौतुक केलंस, तर जागा उदयसिंहाची. तुझ्या वतीनं मी भांडू शकते, नंदू, बोलू शकत नाही. तेव्हा ये, आणि जे केलंस ते तुझ्या तोंडानं सांग. आणि एसटीनं ये. त्याच्या गाडीत बसलीस तर माझ्या दारात येऊ नकोस.

तुझ्यावर रागावलेली, तरीही तुझीच,
शरयू