बांधावरचा काकड

मस्कत

आये,

इथूनच तुझ्या पाया पडतो. मी बरा हाय, जेवणखाण वेळेवर चाललंय. समीक्षा, हे आपल्या आयेला सावकाश वाचून दाखव.

कुंभिवलीच्या अब्रारच्या हाती धाडलेली रानातली सुकी शेवळं पोचली. काल शिजवली. खाज मारायला काकडाची आंबट फळं नव्हती म्हणून तू सांगितलंस तसं आमसूल घातलं, तरी घशाला खाज सुटलीच. अब्रार दोन घासांत उठला. मी मात्र सगळी भाजी खाल्ली.

फोनवर हे बोललो असतो तर तू रडली असतीस, म्हणून लिहितोय. शेठच्या नव्या फार्महाऊसच्या रस्त्यासाठी बांधावरचा काकड पाडला, तेव्हा तू गप्प राहिलीस, कारण झाड शेजारच्या गजाकाकांच्या शेतावर झुकलेलं, म्हणजे त्यांचं. काका गप्प राहिले, कारण बुंधा आपल्या शेताच्या अंगाला, म्हणजे झाड आपलं. मीपण इथून म्हटलं, "जाऊ दे गं, कोण भांडत बसणार?" फळं वेचायला मात्र दोन्ही घरच्या टोपल्या जायच्या. तेव्हा हद्द कोणी बघितली नाय.

कोंडाणे लेण्यांकडच्या रानात एखादा काकड उरला असंल का? काकांचा गुडघा कसा हाय? बरा असंल तर दोघं जाऊन बी आणा नि उरलेल्या बांधावर लावा. एक दिवस तू पाणी घाल, एक दिवस काका घालतील. रोप कोणाचं, ते बोलू नका.

फळ धरायला लय वर्षं लागतील गं. तवा शेवळं कोण शिजवंल, ते मी विचारत नाय.

तुझाच,
कमलेश