अंजब्याड नावाचा आजार

बाई,

निळ्या शाईवर या देशात घोर अन्याय चालू आहे आणि कुणी चकार शब्द काढत नाही. सही निळी चालते, मजकूर मात्र काळाच लागतो. चार पानी अर्ज मी सुवाच्य निळ्या अक्षरांत भरला, आणि लेकीच्या शाळेतल्या क्लार्कनं तो मेलेल्या झुरळासारखा दोन बोटांत धरून परत केला.

अर्ज लेकीच्या दहावीचा. परीक्षेत तिला धाप लागते, बोटं गार पडतात, येत असलेलंही पुसून जातं. म्हणून वेगळी खोली आणि जादा वेळ मिळावा, एवढंच मागणं. कोरा अर्ज देताना क्लार्क म्हणाला, "मॅडम, तुमीच लिवलं होतं की ओ पेपरात, घाबरटांना दाखले वाटा म्हणून? लई हसलो आमी. स्टाफरूममधी लावलंय अजून."

"काढा ते."

"ऱ्हाऊ द्या की. चांगलं लिवलंय."

माझ्या वर्तमानपत्रातल्या विनोदी सदरात चांगलंच लिहिलं होतं, तीच तर पंचाईत आहे. लेकीनंही वाचलं होतं. त्यानंतर वर्षभर तिनं घरात काही कळू दिलं नाही. प्रत्येक चाचणीनंतर "पेपर सोपा होता" म्हणायची. सराव परीक्षेत कोरी उत्तरपत्रिका ठेवून बाहेर आली, तेव्हा मला समजलं. "आई, यावर लिहू नकोस हं," एवढंच म्हणाली. माझ्या विनोदाला इतकं नेमकं दुसऱ्या कुणी ओळखलेलं नाही.

आठवतं, बाई? वैरागची आपली शाळा, माझी सातवीची वार्षिक, गणिताचा पेपर. मी पहिल्याच ओळीवर अडकलेय, हातात पेन धरवत नाही. तुम्ही येता, दंडाला धरून मागच्या व्हरांड्यात नेता, स्वतःच्या खुर्चीवर बसवता. "अंजब्याड," म्हणता. मग मराठीत, "घड्याळ माज्याकडं हाय. तू नको बघू." तुम्ही मंद्रूपकडच्या, घरी कानडी बोलणाऱ्या, 'घाबरू नको' एवढाच त्याचा अर्थ. पण वैरागात कानडी कुणाला येत होती! खिडकीजवळच्या पोरींना तो आजारच वाटला. पेपर सुटल्यावर शाळाभर झालं, "हिला अंजब्याड झालाय! शिवू नका गं!"

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी आपल्या दोघींना समोर उभं केलं. "बाई, उद्या सगळीच पोरं व्हरांड्यात बसतील."

"बसू देत की सर. व्हरांडा मोठा हाय."

मग ते माझ्याकडं वळले. "काय होत होतं गं तुला?" दाराबाहेर त्याच पोरी कान लावून उभ्या. मी म्हटलं, "काही नाही सर. बाईंनीच नेऊन बसवलं." तुम्ही माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. लाडक्या मुलीवर मेहरबानी केली, असा ठपका ठेवून तुम्हाला परीक्षेच्या कामातून काढलं. आणि आठवीतही तुम्ही माझ्या वहीवर पूर्वीसारखंच 'छान' लिहीत राहिलात. एक थोबाडीत दिली असतीत, तर बरं झालं असतं.

आज दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी लेकीला बरंच काय काय विचारलं, शेवटी म्हणाल्या, "घरात आधी कुणाला असा त्रास?"

"नाही," लेकीनंच सांगून टाकलं. तिला तेवढंच ठाऊक होतं.

"आहे," मी म्हटलं. "मला. सातवीपासून."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. लेकीनं विचारलं, "मग तू पेपर कसे दिलेस?"

"पहिला एका बाईंनी व्हरांड्यात बसवून लिहून घेतला. आणि मी त्यांना खोटं पाडलं." बाकीचं रिक्षात सांगितलं, सगळं, मधे एकही विनोद न करता. ती हसली नाही, रागावलीही नाही. फक्त तुमचं नाव काय, ते विचारून घेतलं.

तुम्ही आता नाही, पण तुमच्या सूनबाई इथंच जुळे सोलापुरात राहतात. हे पत्र त्यांच्या हातात नेऊन देता येईल. देणार नाही. वाचून तुमच्या वतीनं त्या "असू द्या हो" म्हणाल्या, तर ते मला ऐकवणार नाही.