डाव्या हाताचे गुलाब

बाबा,

काल हाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आले आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवेना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हाताचा विषय निघाला की आधी तुम्हीच आठवता. हे दुखणं आपल्या घराण्याचंच. आजीला होतं, तुम्हाला होतं, आता मला आहे. नसा कमजोर, त्यामुळे हातापायांचे स्नायू हळूहळू वाळत जातात. तुमच्याकडे त्यावर एकच औषध होतं, हात चालवा.

परळची खोली सोडून आपण शांती नगरात आलो तेव्हाच्या संध्याकाळी अजून डोळ्यांसमोर आहेत. दिवसभर वर्कशॉपमध्ये पाना फिरवून तुम्ही घरी येताय, चहा घेताय आणि आईच्या पुढ्यातली परात ओढून कणीक मळायला बसताय. तीही उजव्या हाताने, कारण बारीक होत चाललेला तोच. आई म्हणायची, "अहो, पोळ्या करायच्यात, कुस्ती नाही खेळायची." तुम्ही म्हणायचात, "मळल्याशिवाय जोर कुठून येणार? हा डावा बघ, ऐतखाऊ, कसा गुबगुबीत राहिलाय!" मग मला परातीसमोर बसवायचात. मी दमले की "अजून थोडं". डब्याचं झाकण निघेना झालं तरी मदत मिळायची नाही, व्यायाम मिळायचा.

त्या ऐतखाऊचं गुपित काल कळलं. मी घरून केकच्या ऑर्डरी घेते. क्रीमची पिशवी दाबून दाबून उजवा हात असा गळून जातो की संध्याकाळी कुलपात किल्ली फिरत नाही. केक बंद करावे लागणार, या धास्तीनेच गेले होते. डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांनी एक यंत्र दाबायला लावलं, तर डाव्याचा जोर जास्त! त्या म्हणाल्या, "या आजारात काही जणांचा जास्त राबलेला हात आधी कमजोर होतो, असं वाटतं. सगळ्या डॉक्टरांचं यावर एकमत नाही. हात वापरा, पण दमेपर्यंत नको. मध्ये थांबा, कामं डाव्यालाही द्या." केक बंद करा असं काही त्या म्हणाल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर मला हसूच फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. रिक्षावाला मागे वळून म्हणतो, "मॅडम, सब ठीक?"

आज केकवर डाव्या हाताने गुलाब काढले. गुलाब कसले, कोबीचे गड्डेच. शेजारच्या गुजराती काकी बघून म्हणाल्या, "अरे वाह, नवी डिझाइन छे! मेरे को भी यही चाहिए, हं." धंदा चालू राहणार बाबा, वाकडातिकडा का होईना.

शेवटी शेवटी शर्टाचं बटण लागेनासं झालं, तेव्हा तुम्ही मान खाली घालून आईला म्हणायचात, "मीच आळस केला गं." तेवढं एक मला तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही आळस केला नव्हतात. तुमच्याइतका हात कुणीच चालवला नसेल. हे ऐकायला तुम्ही नाही, याचं फार वाईट वाटतं.

आता हे पाठवू कुठे? शिवाय मी हे लिहिलेलंही नाही. फोनसमोर बोलत गेले, तो लिहीत गेला. माझे दोन्ही हात मांडीवर स्वस्थ आहेत, आणि मला जराही अपराधी वाटत नाहीये.

बरं, थोडं वाटतंय.